पहिली मीटिंग दसऱ्याआधी



दारू सोडायची तयारी आहे, पण चार परक्या माणसांत बसून आपली रडगाणी सांगणार नाही, हा तुझा निरोप पोचला. निरोपाच्या पहिल्या भागाचा आनंद झाला. दुसऱ्या भागाशी मला भांडायचं आहे. दारू बंद करणं आणि ती बंद ठेवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं डॉक्टरांचं. रोज पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीव जातो. म्हणून मनानेच बंद करू नकोस. आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखव. (आणि ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिरातीतली पावडर तुझ्या भाजीत कालवायचा विचार घरात कुणी करत असेल, तर तो आधी थांबव. पोटात असं औषध असताना माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.) पण डॉक्टर तुला थोड्या दिवसांत घरी पाठवणार. दुसरं काम तिथून सुरू होतं, आणि ते एकट्याने निभत नाही असं माझं म्हणणं आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ज्या भेटीतून निघाली ती आठव. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन कामासाठी गेला होता. काही महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. काम फसलं आणि पिण्याची ओढ उसळली. त्याने उपदेश करणारा शोधला नाही, दुसरा पिणारा शोधला. डॉ. बॉब स्मिथ नावाचा एक सर्जन भेटला. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतःला सावरायला गेला होता. डॉक्टरांनी १० जूनला शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस संस्थेचा वाढदिवस ठरला. एएच्या मीटिंगचा सगळा गाभा यात आला. तिथे ऐकणाऱ्याइतकाच बोलणारा सावरतो. ‘माझं ऐकून कुणाचं काय भलं होणार’ असं तू विचारतोस; पहिलं भलं तुझंच होणार आहे. भारतात या मीटिंगा १९५७ पासून भरतात. पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथेही उपचार संपल्यावरच्या पाठपुराव्यावर भर राहिला.

हे नुसतं श्रद्धेचं बोलणं नव्हे. २०२० साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं एकत्र तपासली. समुपदेशकाने पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षाअखेर शंभरातले सुमारे ४२ पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५. फरक थोडा वाटेल, पण मीटिंगला फी नाही आणि ती आयुष्यभर पुरते. उरलेले ५८ मी लपवत नाही. मीटिंग हा रामबाण नाही. एकदा पाय घसरला म्हणून ती वाया गेली असंही नाही. घसरलेल्याला तिथे पुन्हा बसू देतात.

तुझे आजोबा म्हणतील, माळ घाल, सुटेल. खरं आहे, आपल्या जिल्ह्यात माळेने पुष्कळांची सुटली आहे. पण सोडवलं कशाने, ते नीट बघ. माळ गळ्यात घातली की एकादशी आली, भजन आलं, सप्ताह आला, वारी आली. पुन्हा पुन्हा तीच माणसं भेटू लागली आणि जुना अड्डा आपोआप लांब पडला. नुसती माळ घालून जुन्याच कट्ट्यावर बसणाऱ्याची माळ फार दिवस टिकत नाही. मीटिंग हीच संगत देते, शिवाय तिथे समोरच्यानेही तेच भोगलेलं असतं. माळ घालायचीच असेल तर घाल, दोन्हींत भांडण नाही. मीटिंगमध्ये देवाचं नाव निघतं म्हणून बिचकू नकोस. एए कुठल्या धर्माची नाही आणि तिची अट एकच, पिणं सोडण्याची इच्छा.

बोभाट्याची भीती म्हणशील, तर तू पितोस हे गावाला माहीतच आहे. मीटिंगला जाण्याने एकच नवी बातमी होईल, आणि ती चांगली आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर नेत नाहीत, आणि पहिल्या दिवशी गप्प बसलास तरी चालतं.

खरी अडचण वेगळीच आहे. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याला निघते, आणि सहा महिने उसाच्या फडावर आठवड्याची मीटिंग कुठली? मुकादमाची आगाऊ उचल हातात पडते तीही निघण्याआधीच, आणि तेव्हाच अड्डा जवळ असतो. म्हणून जोड आत्ताच लाव. अंबाजोगाईला गेलास की तिथल्या समाजसेवकाला जवळची मीटिंग विचार. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. मन फारच बिघडलं तर टेलीमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. मोबाइलवरच्या मीटिंगाही आहेत. निघण्याआधी दोघा-तिघांचे नंबर घे आणि फडावरून ठरल्या वारी फोन कर. टोळीत सोडू बघणारा आणखी एक सापडला, तर कोपीबाहेर दोघंच बसा. अ‍ॅक्रनमध्येही दोघंच होते. मुकादमाला उचल सूनबाईच्या हाती द्यायला सांग, आणि घरच्यांसाठी असणाऱ्या अल-अनॉनची चौकशी तिच्यासाठीही त्याच दिवशी करून ये.

तुझा काका