बाळाच्या वाट्याचे ऊन

आपल्या तिरोड्याकडे उन्हाला तोटा नाही. धानाच्या बांधीत दिवसभर पाठ भाजते. तरीही पुष्कळ आयांच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघते. हे कसे?

हे जीवनसत्त्व अन्नातून थोडेच मिळते. उघड्या कातडीवर ऊन पडले, की ते अंगातच तयार होते. पण रोवणीला वाकलेल्या बाईचे अंग झाकलेले असते. घरात बसून विड्या वळणारीला तर ऊन शिवतच नाही. पोटातल्या बाळाला या जीवनसत्त्वाचा साठा आईकडूनच मिळतो. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

त्यात बाळंतिणीची अंधारी खोली! माझ्या घरीही होती. खिडकीत पोते कोंबलेले, खाटेखाली शेगडी, सगळा धूर. “हवा लागन लेकराले,” असे आई म्हणायची. मास्तर असून मीही गप्प बसलो.

या जीवनसत्त्वाने हाडे बळकट होतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, त्यांनाही ते लागते. जंतुदोष झालेल्या नवजात बाळांचे रक्त डॉक्टरांनी तपासले, तेव्हा पुष्कळदा त्यात हे जीवनसत्त्व कमी आढळले. मात्र त्यामुळेच रोग झाला, असे सिद्ध झालेले नाही. थेंब पाजले म्हणजे जंतुदोष टळला, असे तर मुळीच समजू नका.

गरोदर बाईने रोज दहा-अकराच्या उन्हात थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना याबद्दल विचारावे. तान्ह्याची कातडी कोवळी असते. त्याला कडक उन्हात ठेवू नये. आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, पण हे जीवनसत्त्व त्यात फार थोडे असते. म्हणून पहिले वर्षभर बाळाला रोज 400 युनिट द्यावे, असे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. औषधाच्या बाटल्या कमीजास्त ताकदीच्या असतात. किती थेंब द्यायचे, ते डॉक्टरांनाच विचारा. जास्त झाले तर अपाय होतो.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायांना बाळाचा जंतुदोष ओळखायला शिकवले. 39 गावांत त्या घरोघर जाऊन बाळे तपासत, श्वास मोजत, औषध देत. तेथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली ही गोष्ट जगाला कळली.

बाळ दूध ओढीनासे झाले, निपचित पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, तर रात्र असली तरी थांबू नका. बाळ शांत असताना त्याचे पोट किती वेळा वर येते, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, तर आशाताईंना हाक मारा, 108 ला फोन लावा.