गोठ्यातील विजेचा दिवा बदलताना घ्यावयाची काळजी

विजेचा दिवा गेला म्हणजे तो काढून दुसरा बसविणे हे घरातील कोणीही करतो. कोरड्या खोलीत हे काम सोपे असते. गोठ्यात मात्र जमीन शेणमुताने ओली असते, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि काम करणारा बहुधा अनवाणी असतो. अशा जागी लहानशी चूकही जिवावर बेतते.

धोका कोठे असतो?

बटण बंद केले की दिव्याची वीज तुटली, असा सर्वसाधारण समज आहे. जोडणी योग्य असेल तरच तो खरा ठरतो. दिव्याकडे फेज व न्यूट्रल अशा दोन तारा जातात. बटण फेजच्या तारेवर असावे लागते. घाईने केलेल्या जोडणीत ते कधी कधी न्यूट्रलच्या तारेवर बसविले जाते. अशा वेळी बटण बंद करताच दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब कायम राहतो. दिवा नेहमीप्रमाणे लागत व विझत असल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. म्हणून बटणावर विसंबू नये. मेन स्विचच बंद करावा.

दिवा लहान म्हणून धोका लहान, असेही नाही. ९ वॅटच्या एलईडी दिव्यातून सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह शरीरातून गेला तरी प्राणघातक ठरू शकतो.

दिवा बदलण्याची रीत

१. काम दिवसाउजेडी करावे. जनावरे बाहेर बांधावीत.

२. मेन स्विच बंद करून घरातील सर्वांना तसे सांगावे. वीज गेलेली असली तरी मेन स्विच बंद करावाच. ती केव्हा परत येईल याचा नेम नसतो.

३. हात कोरडे करावेत व पायांत कोरडी रबरी पादत्राणे घालावीत. लोखंडी घोडा किंवा पालथी बादली न घेता कोरड्या, न डगमगणाऱ्या लाकडी स्टुलावर उभे राहावे.

४. जुना दिवा गरम असल्यास निवू द्यावा. खटक्याचा होल्डर असेल तर दिवा किंचित आत दाबून डावीकडे फिरवावा व काढून घ्यावा.

५. नवा दिवा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भागास धरून खाचांत बसवावा, आत दाबावा व उजवीकडे फिरवावा. त्यानंतरच मेन स्विच सुरू करावा.

दिव्याची काच फुटून टोपण होल्डरमध्ये अडकले असल्यास मेन स्विच बंद असल्याची पुन्हा खात्री करून ते पकडीने काढावे. होल्डर काळवंडलेला किंवा सैल असल्यास नवा दिवा न बसविता तारतंत्र्यास बोलवावे.

धक्का बसल्यास

धक्का बसलेल्या माणसास हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो दूर असल्यास कोरड्या लाकडी काठीने त्यास तारेपासून वेगळे करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्याच वेळी परवानाधारक तारतंत्र्याकडून प्रत्येक गोठ्यातील बटण फेजवर आहे की नाही व अर्थिंग ठीक आहे की नाही हे तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना सांगावे. ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे उपकरणही बसवून घ्यावे. त्याचा खर्च एका दुभत्या जनावराच्या किमतीपुढे अल्प आहे, आणि माणसाच्या जिवाला तर मोलच नाही.