सायकलीचे सोयरे

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे चौरस्त्याचे गाव आहे. बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चारी बाजूंचे रस्ते येथे एकत्र येतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, म्हणजे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. त्या वर्दळीत एखादा वाटसरू जुन्या काळ्या सायकलीवरून आला, तर सहसा कोणी वळून पाहत नाही. परंतु तेथे दुसरा सायकलप्रेमी उभा असेल, तर त्याची नजर त्या सायकलीवर खिळल्यावाचून राहत नाही.

अनोळखी सायकलीची ओळख त्याला पटते कशी? जुन्या सायकलीच्या अंगावर तिच्या घराण्याची खूण असते. रॅले सायकलीच्या बिल्ल्यावर बगळ्याचे मस्तक असते; तिच्या दातेरी चाकातही पुष्कळदा तोच बगळा कोरलेला आढळतो. बी.एस.ए.च्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसतात. कारण तो कारखाना मुळात बंदुकांचा होता. जाणत्याला एवढी खूण पुरते. मग ‘ही कोणत्या सालची?’ असा प्रश्न निघतो, आणि दोन परकी माणसे घटकाभरात स्नेही होतात.

या सायकलींवर एवढा जीव का जडावा? पोलाद हा चिवट धातू आहे. पोलादी नळ्या सांध्यांत बसवून, त्यांत पितळ वितळवून सायकलीचा सांगाडा जोडीत असत. धक्का बसला तर अशी नळी बहुधा वाकते, एकाएकी तुटत नाही. वाकलेली नळी कुशल कारागीर सरळ करतो. निखळलेला सांधा पुन्हा जोडतो. म्हणूनच आजोबांची सायकल नातवाच्याही कामी येते. मात्र गंज हा तिचा वैरी आहे. शिवाय जुने सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. एका लहानशा भागावाचून चांगली सायकल भंगारात जाते. वाटेत भेटलेल्या सोबत्याजवळ नेमका तोच भाग निघाला, तर ती सायकल वाचते. यामुळेच अशा गाठीभेटींचे मोल मोठे आहे.

महाराष्ट्राचे सायकलीशी नाते जुने आहे. पुढे लोखंडी नांगर तयार करणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानापासूनच झाला.

एका भेटीतून केवढे साहस घडू शकते, हे मुंबईच्या फ्रामरोझ दावर यांनी दाखवून दिले. १९२४ च्या जानेवारीत ते एकटेच सायकलीवरून जगप्रवासास निघाले. व्हिएन्ना शहरी त्यांची गाठ गुस्ताव स्ताव्यानिक या ऑस्ट्रियन सायकलपटूशी पडली. दोघांचे देश निराळे, भाषा निराळ्या; परंतु वाहन एक आणि ध्यास एक! तेथून पुढे ते सोबतीने निघाले. त्यांनी सहाराचे वाळवंट ओलांडले. दक्षिण अमेरिकेतील पर्वत आणि अरण्ये पार केली. वाळूत चाक रुतते, तेथे एकट्याचे बळ अपुरे पडते. सोबत्याचा हातच तारून नेतो. १९३१ साली दावर जगप्रवास पुरा करून परतले.

पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले. तेथे दुसऱ्या महायुद्धातील घडीची सायकलही जतन केलेली आहे. परंतु जुनी सायकल केवळ संग्रहालयातच जगते असे नाही. जी वेळच्या वेळी पुसली जाते, जिला तेल मिळते आणि जी रस्त्यावर धावते, तीही जगते. आणि वाटेत भेटणाऱ्या परक्यांना आपलेसे करते.

शब्दार्थ : सोयरे – नातलग, रीघ – रांग, चिवट – सहज न तुटणारा, ध्यास – सतत लागलेली ओढ.

स्वाध्याय
१. जुन्या सायकलींची ओळख कोणत्या खुणांवरून पटते?
२. पोलादी सायकल अनेक वर्षे का टिकते?
३. दावर यांना सोबत्याचा कोणता उपयोग झाला असेल?
४. तुमच्या गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला भेटा व त्याच्या कामाचे वर्णन दहा ओळींत लिहा.