निवडुंगाची उंची

नेरूळ येथील आमच्या घराच्या गॅलरीत एक निवडुंग आहे. तो फड्या निवडुंगासारखा पसरलेला नाही. देवळाच्या खांबासारखा सरळ उभा आहे. त्याच्या अंगावर उभ्या धारा असून त्या धारांवर काट्यांचे झुबके आहेत. परंतु पाहुण्यांचे लक्ष जाते ते त्याच्या कमरेकडे. खांबाचा मधला चार बोटे भाग एकाएकी बारीक झाला आहे. त्याच्या वर खांब पुन्हा जाड होतो. "हे असे कसे झाले?" असे प्रत्येक जण विचारतो. उत्तर देताना मला थोडा संकोच वाटतो. कारण ती चूक माझी आहे.

हे रोप २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला दिले. जातीने ते सेरियस, उंचीने हातभर. माझी नात तेव्हा चौथीत होती आणि वर्गात सर्वांत ठेंगणी होती. दर महिन्यास ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राही व मी तिच्या डोक्याशी पेन्सिलीची रेघ ओढी. निवडुंगामागच्या भिंतीवरही तिने तशीच एक रेघ ओढली. महिना लोटला, परंतु दोन्ही रेघा जिथल्या तिथेच! "आजोबा, याला पाणी कमी पडत असेल," असे म्हणून ती रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागली. मीही तिला अडवले नाही.

आषाढ आला. पावसाची झड कुंडीपर्यंत पोहोचू लागली. एके दिवशी नातीने बुंध्याला बोट लावले, तो ते आत रुतले. बुंधा काळपट व मऊ पडला होता. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

आमच्या वसाहतीची बाग राखणारे माळीबाबा धावून आले. "मुळे पाण्याने गुदमरली, पण शेंडा अजून जिवंत आहे," ते म्हणाले. स्वच्छ सुरीने त्यांनी बुंध्याकडून चकत्या कापावयास आरंभ केला. आतील गरावर तपकिरी ठिपका दिसेनासा झाला तेव्हाच ते थांबले. वीतभर शेंडा हाती उरला.

"पण यातून चीक कसा येत नाही?" नातीने विचारले. तिने गावाकडे कुंपणावरचा शेर पाहिला होता. प्रश्न मार्मिक होता. शेर व त्रिधारी निवडुंग या वनस्पती एरंडाच्या कुळातल्या. त्यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. खऱ्या निवडुंगांचे कूळ निराळे असून त्यांचे माहेर अमेरिका खंडात आहे. आपल्या घरोघरी रात्री फुलणारे, ब्रह्मकमळ म्हणून ओळखले जाणारे झाडही याच कुळातले आहे.

माळीबाबांनी तो शेंडा दोन आठवडे सावलीत ठेवला. कापलेली बाजू वाळून तिच्यावर खपली धरली. मग त्यांनी तो कोरड्या, वाळूमिश्रित मातीत उभा केला. दसऱ्याच्या सुमारास शेंडा हलकेच ओढून पाहिला, तो तो हलला नाही. मुळांनी माती धरली होती.

पुढच्या पावसाळ्यात मी अतिशय सावध झालो. एक थेंबही लागू नये म्हणून कुंडी उचलून घरात, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवली. दोन महिन्यांत निवडुंग चार बोटे वाढला! नातीने टाळ्या पिटल्या. मीही हर्षभरित होऊन माळीबाबांना बोलावले. त्यांनी फिकट, बारीक शेंड्यावरून नजर फिरवली व मान हलवली. "गुरुजी, ही वाढ नव्हे. ही उजेडाची भूक आहे."

मी निरुत्तर झालो. निवडुंगाची पाने काट्यांत रूपांतरित झालेली असतात. म्हणून अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडालाच करावे लागते. पाणी वाया जाऊ नये म्हणून तो आपली सूक्ष्म रंध्रे रात्री उघडतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू साठवून ठेवतो आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न बनवतो. प्रकाश मिळाला नाही तर प्रकाशाच्या शोधात तो नुसता लांबत जातो. अंगात बळ भरत नाही. पुढे ऊन मिळाले, तरी बारीक झालेला भाग पुन्हा पूर्वीसारखा जाड होत नाही.

या कुळातील सर्वांची चाल सारखी नसते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात साग्वारो नावाचा उत्तुंग निवडुंग आहे. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतो. त्याला फांद्या फुटावयास बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. परंतु तोच पुढे बारा मीटरांहून उंच होतो व दीडशे वर्षांहून अधिक जगतो. सेरियस मात्र मूळ धरल्यावर अनुकूल स्थितीत वर्षाला फूटभरही वाढतो. साग्वारोच्या प्रदेशातील टूसॉन नगराजवळ वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांतच २,००० मिलिमीटरांहून अधिक. म्हणून येथे निवडुंग सांभाळणाऱ्याने पावसापासून आडोसा द्यावा, उजेडापासून देऊ नये.

तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. बागेतील माती, जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे समभाग मिसळावेत. मातीत काडी खोचून पाहावी. ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद ठेवावे. सावलीतले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये, ते भाजते. त्याला उन्हाची सवय हळूहळू लावावी. कुंडी अधूनमधून थोडी फिरवावी, म्हणजे खांब एका बाजूस झुकत नाही. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी खांबाभोवती धरावी, म्हणजे हाताला काटे लागत नाहीत.

मुलांनो, मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो. एखाद्या मुलाचे गुण भराभर चढले की मला आनंद होई. ते कसे चढले, त्या मुलाची झोप आणि खेळ कोठे गेले, हे मी क्वचितच विचारीत असे. माळीबाबांचे ते वाक्य ऐकले त्या दिवशी मला अशी काही मुले आठवली.

आता आम्ही दोन्ही रेघा वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या दिवशी ओढतो. नात अजूनही वर्गात ठेंगणीच आहे; पण ती आता चौकटीकडे रोज पाहत नाही. निवडुंगाची ती बारीक कंबर कापून टाकावी, वरचा भाग नव्याने लावावा, असे एकदा माझ्या मनात आले होते. नात म्हणाली, "राहू द्या आजोबा. तिच्या वर तो किती छान जाड झाला आहे, पाहा!"

अभ्यास

१. निवडुंगाचा बुंधा का सडला? माळीबाबांनी शेंडा कसा वाचवला?
२. 'ही वाढ नव्हे. ही उजेडाची भूक आहे.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. शेर व सेरियस यांतील फरक सांगा.
४. माळीबाबांचे वाक्य ऐकून लेखकाला काही मुले का आठवली असतील?
५. वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, मूळ धरणे, टाळ्या पिटणे.
६. घरातील किंवा शाळेतील एका रोपाची उंची दर महिन्यास मोजा व वर्षभर नोंद ठेवा.