शून्य त्रिज्येचा व्यवहार

संत्र्याच्या बागेतले गवत उपटायचे नसते, कापायचे असते, हे मला कोण्या विक्रेत्याच्या माणसाने शिकवावे अशी वेळ कधी आली नव्हती. संत्र्याची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात; रोटाव्हेटर फिरविला की ती तुटतात, त्या जखमांतून फायटोप्थोरा शिरतो, आणि खोडावर डिंक दिसू लागेपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तणनाशकाचा मार्ग मला मान्य नाही, आणि निंदणाच्या बाया म्हणाल तर ज्या आषाढात बागेत केना, लव्हाळा आणि गाजरगवत माजते त्याच आषाढात कपाशी आणि सोयाबीन त्यांना बोलावून नेतात. तेव्हा बसून चालवायचे, धूर न सोडणारे, बॅटरीवरचे गवतकापणीचे यंत्र मोर्शीसारख्या ठिकाणी मी आणले ते पूर्ण हिशेबाने आणले. आणि ‘एवढा पैका गवतावर घातला’ असे जे चौकात बोलले जाते त्याला एकदाचे उत्तर द्यावे, हा या लेखनाचा एक हेतू आहे, हे मी लपवीत नाही.

या यंत्राला सुकाणू नसते. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी आणि चालकाच्या हाती दोन दांडे. दोन्ही पुढे लोटले की यंत्र सरळ जाते, एक पुढे आणि एक मागे केला की ते जागच्या जागी गिरकी घेते, म्हणून त्याला ‘झिरो टर्न’ म्हणतात. पुढची चाके कपाटाखालच्या चाकांसारखी नुसती मोकळी फिरणारी. अमेरिकेत, कॅन्सासच्या बाजूला, १९६० च्या दशकात हा प्रकार पुढे आला तो तिकडच्या विस्तीर्ण हिरवळींसाठी. परंतु वीस-वीस फुटांवर लावलेल्या झाडांच्या ओळींत प्रत्येक खोडाला वळसा घालीत जाणारे यंत्र पाहिल्यावर कोणत्याही बागायतदाराला मोह पडावा, इतके ते प्रात्यक्षिकात देखणे दिसते. प्रात्यक्षिक अर्थातच विक्रेत्याच्या आवारातील कातरलेल्या, कोरड्या, सपाट हिरवळीवर झाले होते.

मी तेथेच स्पष्ट विचारले होते की, हे बागेत चालेल काय, काळ्या मातीत चालेल काय, आणि आमच्याकडील विजेवर चार्ज होईल काय. त्यावर त्या हसतमुख गृहस्थाने दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते: “काका, बागेसाठीच तर आणलं आहे आपण हे. हिरवळ आहेच कुठं आपल्या इकडं?” यंत्र पोहोचवायला तो आश्विनात स्वतः आला, आंबिया बहाराची फळे रंगावर आली होती, त्याने मला यंत्रावर बसविले, गळ्यात हार घातला आणि मागे लगडलेली झाडे येतील अशा बेताने छायाचित्र काढून घेतले. त्या दिवसांत जमीन वाळलेली असल्यामुळे यंत्राने काम चोख केले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

उन्हाळा आला तशी एकेक गोष्ट उघड होऊ लागली. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा निर्मात्यांचाच दंडक असतो, आणि वऱ्हाडात मे महिन्यात सावलीतला पाराच तेथवर जातो; टिनाच्या शेडखाली तर विचारूच नये. बॅटरीतील संरक्षक यंत्रणा अशा वेळी चार्जिंग नाकारते, जे तिचे कर्तव्यच आहे. परंतु ही गोष्ट मला विक्रीच्या वेळी कोणी सांगितली नाही, आणि मी फोनवर तक्रार केली तेव्हा “यंत्र एसीच्या खोलीत ठेवा” असा सल्ला मिळाला. ज्या तालुक्यात भूजल उपसून उपसून बागा वाळू घातल्या आहेत, ज्या शेतात कृषिपंपाला आठ तास वीज, तीही पाळीपाळीने कधी दिवसा कधी रात्री मिळते आणि शेतघराच्या सिंगल फेजवर दिव्याची तार नुसती लाल होते, त्या शेतात एसीची खोली!

पाऊस पडल्यावर उरलेसुरले झाले. सव्वातीनशे किलोंच्या वर वजनाचे हे धूड ओल्या काळ्या मातीत उतरविले की मागची चाके जागीच घासतात आणि पुढची मोकळी चाके रुततात. सुकाणूच नसल्यामुळे बाहेर काढायला वाव राहत नाही. आमच्या बागांतील दुहेरी आळ्यांचे वरंबे त्याच्या पोटाला लागतात. ठिबकच्या नळ्या पाते बिनदिक्कत गिळते. पात्याची उंची फार तर चार-साडेचार इंच करता येते, म्हणजे गुडघ्याएवढे झालेले गवत त्याच्या आवाक्याबाहेर. हे सर्व सोशीत मी पावसाच्या उघडिपीत काम रेटीत असता एके सकाळी डाव्या चाकाच्या मोटारीचा कंट्रोलर गेला, आणि यंत्र स्वतःभोवती फिरू लागले. आमचा गडी दुरून ओरडला, “भाऊ, हे त जागच्या जागीच फिरून राह्यलं जी!” त्या वेळी मीही हसलो. हमीची मुदत शिल्लक होती, रीतसर पावती होती, चिंतेचे कारण दिसत नव्हते.

त्यानंतर विक्रेत्याचे लेखी उत्तर आले. ज्याने मला सदैव ‘काका’ म्हटले त्याच्या पत्रात मी ‘सदर खरेदीदार’ झालो होतो. आणि मजकूर असा की, सदर यंत्र घरगुती हिरवळीपुरते हमीस पात्र असून खरेदीदाराने ते फळबागेत, म्हणजे व्यावसायिक कारणासाठी वापरल्याने हमी रद्दबातल समजावी. पत्र वाचून मी मान वर केली तो समोरच्या भिंतीवर त्यांचेच नव्या वर्षाचे कॅलेंडर टांगलेले, आणि त्यावर हार घालून यंत्रावर बसलेला मी, मागे माझी बाग, खाली मोठ्या अक्षरांत ‘संत्रा बागायतदारांचा विश्वास’. बागेत चालवा म्हणून विकणारा आणि बागेत चालविले म्हणून नाकारणारा माणूस एकच, आणि त्याचा पुरावा त्यानेच छापून माझ्या घरी पाठविलेला! संतापापेक्षा मला त्या निगरगट्टपणाचे आश्चर्य अधिक वाटले. पुढे फोनवर त्याने ‘पॉलिसी कंपनीची आहे, आम्ही काय करणार’ असे म्हणून हात झटकले, तेव्हा मात्र आश्चर्य संपले.

माझ्यामागून कोणी या वाटेला जाणार असेल तर त्याने हमीपत्रकातील घरगुती आणि व्यावसायिक वापराची कलमे पैसे देण्यापूर्वी वाचावीत. पुष्कळ निर्माते दोहोंसाठी निरनिराळी मुदत ठेवतात. ‘संत्र्याच्या बागेतील वापर मान्य’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीशिक्क्यानिशी बिलावरच लिहून घ्यावे, आणि बिल स्वतःच्या नावाने करावे. माझे तसेच आहे. प्रात्यक्षिक आपल्या बागेत, पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मागावे, न दिल्यास उठून यावे. बॅटरी सुटी काढता येईल असेच यंत्र पाहावे, म्हणजे ती गावातल्या घरी नेऊन पहाटेच्या गारव्यात चार्ज करता येते. चार्जर किती कमी व्होल्टेज सोसतो हेही विचारावे. हंगाम संपल्यावर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून अधूनमधून तपासावी, कारण रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा उठेलच असे नाही. ‘बॅटरी कारखान्यात पाठवा’ असे सांगणाऱ्यास, ती नेणार कोण, हे लेखी विचारावे. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात, नवव्या वर्गात मोडते आणि साधा ट्रान्सपोर्टवाला तिला हात लावीत नाही, हा धडा मी मालधक्क्यावर उभा राहून घेतला. सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांनी तर या यंत्राचे नावच काढू नये. १५ अंशांहून अधिक उतारावर ते चालवू नये असे बहुधा त्याच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. बाकी, गोड बोलणाऱ्यापासून सावध राहावे वगैरे आहेच.

‘व्यावसायिक’ या सबबीला भिऊन मात्र कोणी घरी बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने व्यावसायिक कारणासाठी खरेदी करणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही, हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू त्याच कलमाने त्या अपवादातून वगळली आहे. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, म्हणजे विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. १९१५ या क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळतो, पण त्यावर विसंबून मुदत घालवू नये.

माझा अर्ज अमरावतीच्या जिल्हा आयोगापुढे आहे, आणि त्यास ते कॅलेंडर जोडलेले आहे. विक्रेत्याने आता ते छायाचित्र ‘केवळ सजावटीपुरते’ असल्याचा जबाब दिला आहे. मोर्शी-वरूडकडील ज्या बागायतदारांच्या घरी ते कॅलेंडर अजून भिंतीवर असेल, त्यांनी वर्ष संपले म्हणून ते रद्दीत घालू नये.