यकृताची गाठ आणि काचेचे मणी

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा मोठा उपाय. पण रोगी आला आणि लगेच टेबलावर घेतला, असे क्वचितच घडते. कधी गाठ मोठी असते, कधी ती काढल्यावर उरणारे यकृत पुरेसे नसते, तर कधी यकृतरोपणासाठी रांगेत थांबावे लागते. १९९६ साली इटलीतील मात्सफेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपणासाठी एक मर्यादा सुचविली. गाठ एकच असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंत असावी; गाठी दोन वा तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. रांगेत असतानाच गाठ याबाहेर वाढली, तर रोपणाची संधी हुकू शकते. म्हणून मधल्या काळात तिला रोखून धरायचे. कशाने?

यकृताची एक खुबी आहे. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून येते आणि उरलेले रोहिणीतून. निरोगी पेशी मुख्यतः नीलेवर जगतात. गाठ मात्र जवळजवळ सर्वस्वी रोहिणीवर पोसली जाते. म्हणजे रोहिणीतून जे सोडाल ते प्रामुख्याने गाठीकडे जाणार!

पहिली पद्धत रसायनाची. जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत सरकवतात. तिच्यातून डॉक्सोरुबिसिनसारखे औषध आयोडीनयुक्त खसखशीच्या तेलात घोळवून गाठीत सोडतात आणि मागून बारीक कणांचे बूच मारतात. औषध आत कोंडले जाते आणि गाठीचा प्राणवायूही तुटतो. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ हे ठरलेलेच.

दुसऱ्या पद्धतीत नळी तीच, पण तिच्यातून जातात काचेचे मणी. त्यांचा व्यास २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. काचेत असते इट्रियम-९०. त्याचे अर्धायुष्य ६४ तास. त्यातून बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. ऊतकात ते सरासरी अडीच मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ११ मिलिमीटर जातात. बाहेरून सबंध यकृतावर क्ष-किरण सोडले तर ३० ग्रेच्या आसपासच निरोगी भाग धोक्यात येतो. इथे मात्र दिवा गाठीच्या आतच लावलेला असतो.

मात्रा किती पडते? तुमच्या पुस्तकातल्या सूत्राने काढू. समजा, १ किलोग्रॅम ऊतकात १ अब्ज बेकरेल इट्रियम आहे, म्हणजे सुरुवातीला दर सेकंदाला १ अब्ज अणू फुटतात. ६४ तास म्हणजे सुमारे २,३०,००० सेकंद. त्याला ०.६९३ ने भागून १ अब्जाने गुणले की एकूण विघटने मिळतात ३.३ × १०<sup>१४</sup>. प्रत्येक विघटनात सरासरी १.५ × १०<sup>−१३</sup> ज्यूल ऊर्जा. गुणाकार झाला ५० ज्यूल. एका किलोग्रॅमला ५० ज्यूल, म्हणजेच ५० ग्रे. एवढ्या उष्णतेने १ किलोग्रॅम पाणी एका अंशाच्या ऐंशीव्या भागाइतकेच तापते! घाव उष्णतेचा नाही. तो पेशीतील डीएनएच्या साखळीवर बसतो. हा घाव पक्का व्हायला प्राणवायू लागतो. त्यामुळे पहिली पद्धत गाठीचा रक्तप्रवाह तोडते, तर दुसरीला तो बराचसा चालू राहिलेला हवा असतो. मला स्वतःला या विषयातला सर्वांत गमतीचा भाग हाच वाटतो.

आता निकाल. २०१६ साली शिकागोत ४५ रोग्यांवरील तुलना प्रसिद्ध झाली. रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ रसायनाच्या गटात ६.८ महिने, तर किरणोत्साराच्या गटात २६ महिन्यांहून अधिक होता. रांगेतल्या रोग्याला हा फरक फार मोलाचा. पण त्याच अभ्यासात एकूण आयुष्य मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, १८ महिन्यांच्या आसपास, भरले. रोगी थोडे होते आणि अशा बहुतेकांचे उरलेले यकृतही आजारी असते, हे ध्यानात ठेवा. २०२२ मध्ये बेल्जियममधील गेंट येथून ७२ रोग्यांचा अभ्यास आला. त्यात रसायन गोळ्यांत भरून दिले होते. तिथे हे आकडे ९.५ आणि १७.१ महिने होते आणि आयुष्यही किरणोत्साराच्या बाजूने अधिक निघाले. माझ्या मते कल स्पष्ट आहे, पण ७२ ही संख्या लहानच.

किरणोत्साराचा आणखी एक फायदा शल्यविशारदांना आवडतो. यकृताच्या उजव्या खंडात मणी सोडले की तो काही आठवड्यांत-महिन्यांत आक्रसतो आणि डावा खंड वाढू लागतो. कठीण झालेल्या यकृताचा सुमारे ४० टक्के भाग तरी मागे उरावा लागतो. ही वाढ ती तूट भरून काढू शकते.

धोकाही आहे. गाठीतल्या आडवाटांनी मणी फुप्फुसात निसटू शकतात. म्हणून आधी टेक्नेशियम-९९एम लावलेले प्रथिनांचे कण सोडून गॅमा कॅमेऱ्याने पाहतात. एका वेळी फुप्फुसावर ३० ग्रेहून अधिक मात्रा पडणार असे दिसले, तर बेत बदलावा लागतो.

मण्यांची कुपी थांबत नाही, हेही वेळापत्रकात धरावे लागते. सोमवारी सकाळी ८ वाजता तिच्यात ४ अब्ज बेकरेल असतील, तर बुधवारच्या मध्यरात्री २ अब्जच उरतात. शनिवारी दुपारी ४ वाजता किती उरतील, ते वहीत काढा.