जर्मनीत नोकरी शोधायला जाताय? आधी एक वर्षाचा हिशोब मांडा



"सर, दोन-तीन वर्षं जर्मनीत नोकरी करतो, भांडवल जमवतो आणि मग परत येऊन स्वतःचं युनिट टाकतो." हा बेत घेऊन येणारी मुलं हल्ली बरीच भेटतात. बेत वाईट नाही. फक्त धंदा सुरू करताना जे गणित आपण मांडतो, तेच इथेही मांडायचं.

जर्मनीने १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' सुरू केलं. हातात नोकरी नसताना तिथे जाऊन ती शोधण्याची ही परवानगी, जास्तीत जास्त एक वर्षाची. तुमची पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण भारतात सरकारमान्य हवं. भाषा म्हणून जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागतं. त्यावर ६ गुण जमवायचे. उदाहरण घ्या: वय ३५ च्या आत, २ गुण. गेल्या पाच वर्षांत त्याच क्षेत्रात दोन वर्षांचा अनुभव, आणखी २. इंग्रजी सी१ असेल तर १. तुमचं काम तिथल्या टंचाईच्या यादीत असेल तर १. झाले सहा!

आता पैसा. महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो तुमच्याकडे आहेत हे दाखवावं लागतं (हा २०२५ चा आकडा, अर्जाच्या वेळी नवा तपासा). बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी तेरा लाखांच्या वर गेलं. ही रक्कम खात्यातून दरमहा ठरावीकच बाहेर येते. म्हणजे हे तुमचं खेळतं भांडवल, आणि विक्री मात्र अजून शून्य. घरची जमीन गहाण टाकून हे पैसे उभे करणार असाल तर थांबा, आणि घरच्यांसमोर वही उघडून बसा.

या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं. शिवाय एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करता येतं, आणि मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते. आपण गिऱ्हाइकाला सॅम्पल देतो ना, तसंच. पण एक गोष्ट नीट ऐका: या कार्डावर स्वतःचा धंदा करता येत नाही. तिकडे डबे पुरवू, फ्रीलान्स डिझाइन करू, असं डोक्यात असेल तर काढून टाका. त्यासाठी वेगळी परवानगी असते.

नियमात इंग्रजी चालतं, पण बाजारात? बर्लिनच्या आयटी कंपन्यांत चालून जाईल. लहान गावातल्या यंत्र बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन तुमच्याशी जर्मनच बोलणार. आणि माणसं हवी आहेत ती बऱ्याचदा तिथेच, जिथे भाडंही म्युनिकपेक्षा कमी असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जाण्याआधी पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनला किंवा दुसऱ्या चांगल्या क्लासला जाऊन बी१ गाठा. गुणही दोन मिळतात.

कागदांचं काम इथूनच उरका. तुमचं विद्यापीठ आणि पदवी 'अनाबिन' या जर्मन डेटाबेसमध्ये शोधा. पदवी पूर्ण समकक्ष ठरली तर गुणांची भानगडच उरत नाही. नर्सिंगसारख्या कामांना मात्र तिथल्या मान्यतेशिवाय हात लावता येत नाही. जुन्या मालकाकडून नुसतं रिलीव्हिंग लेटर घेऊ नका. कोणतं मशीन चालवलं, किती माणसं सांभाळली, हे लिहिलेलं अनुभवपत्र घ्या. जर्मन मालक ते बारकाईने वाचतो.

एकच बायोडेटा दोनशे ठिकाणी पाठवणं म्हणजे रस्त्यावर पत्रकं वाटणं. त्यापेक्षा तीस कंपन्यांची यादी करा. प्रत्येकीचं उत्पादन बघा, माणसाचं नाव शोधा, अर्ज त्या कामापुरता लिहा. अर्ज कधी केला, उत्तर काय आलं, पुन्हा फोन कधी करायचा, हे वहीत मांडा, उधारीची वही ठेवतो तसं. ही यादी विमानात बसण्याआधी तयार हवी, कारण तिथे पहिला महिना घर शोधण्यात आणि पत्त्याची नोंदणी करण्यातच जातो.

आणि परतीच्या तिकिटाचे पैसे त्या खात्यात धरू नका. ते वेगळे, इथेच, घरच्या कोणाच्या तरी नावावर ठेवून जा.